आकडा कुठला, कधीचा?

डोंगरातल्या दरीत सूर्य मावळला की जमिनीलगतची हवा आधी गार होते. गार हवा जड, म्हणून ती उतारावरून हळूहळू खाली घसरते आणि तळाशी साचते. पहाटेपर्यंत तळातले तापमान वरच्या उतारापेक्षा बरेच खाली गेलेले असते. उंचीबरोबर थंडी वाढते हा शाळेत शिकलेला नियम अशा रात्रीपुरता उलटा होतो. कोणते रोप तग धरेल आणि कोणाचा मोहोर करपेल, हे थोड्याशा अंतरातल्या या फरकावर ठरते. आता समजा, त्या भागासाठी हवामानाचे एकच केंद्र आहे आणि तेही दहा-वीस किलोमीटरवर. त्या केंद्राने दिलेला आकडा खराच असतो, पण तो त्या केंद्राच्या जागेचा असतो. दरीतल्या रोपाने ती रात्र किती अंशांत काढली, हे त्यातून कळत नाही.

दक्षिण कॅलिफोर्नियातल्या सॅन हासिंटो पर्वतरांगेत, आयडिलवाइल्ड गावाजवळ, कॅलिफोर्निया विद्यापीठाचे ‘जेम्स रिझर्व्ह’ नावाचे एक लहानसे संरक्षित वन आहे. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तिथल्या एका दरीत, एका उतारापासून समोरच्या उतारापर्यंत, छोट्या यंत्रांची रांग बसवली गेली. प्रत्येक यंत्रात तापमान आणि आर्द्रता मोजणारे सेन्सर, एक साधा प्रोसेसर, एक रेडिओ आणि बॅटरी. रात्री गार हवा कशी उतरते, कुठे साचते, सकाळी कधी विरते, याच्या नोंदी ही यंत्रे एकमेकांच्या हाती सोपवत संशोधकांपर्यंत पोचवू लागली.

हे काम ज्या संशोधन केंद्रातून झाले, त्याच्या संचालक होत्या डेबोरा एस्ट्रिन. त्या ना वनस्पतिशास्त्रज्ञ, ना हवामानशास्त्रज्ञ. त्या संगणकशास्त्रज्ञ, आणि त्यांची तोवरची सगळी कारकीर्द इंटरनेटच्या अंतर्भागात गेलेली होती. माझ्या मते त्यांच्या तीस-चाळीस वर्षांच्या कामाचा गाभा एकच प्रश्न आहे: हातात आलेला आकडा कुठला, कधीचा, आणि त्यावर विश्वास का ठेवायचा? उपकरणे बदलली, विषय बदलले, शहरे बदलली, पण या प्रश्नाने त्यांचा पिच्छा सोडला नाही.

एस्ट्रिन यांचा जन्म १९५९चा. वडील जेराल्ड एस्ट्रिन यांनी प्रिन्स्टनला जॉन फॉन नॉयमन यांच्या संगणक प्रकल्पात काम केले होते. पुढे त्यांनी इस्राएलच्या वाइझमन संस्थेत ‘वायझॅक’ हा त्या देशातला पहिला संगणक उभारला. आई थेल्मा एस्ट्रिन यांनी संगणक वैद्यकाच्या कामी लावला. मेंदूतल्या विद्युतलहरींच्या अभ्यासासाठी तो वापरणाऱ्या आरंभीच्या संशोधकांत त्यांचे नाव घेतले जाते. डेबोरा बर्कलीहून पदवी घेऊन एमआयटीत गेल्या. १९८५च्या त्यांच्या पीएच. डी. प्रबंधाचा विषय होता, दोन वेगळ्या संस्थांची संगणक जाळी एकमेकांना जोडली तर कोणाला कुठवर प्रवेश द्यायचा. हा विषय लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण वीस-पंचवीस वर्षांनी तो फार वेगळ्या रूपात त्यांच्यापुढे परत आला.

१९८६पासून त्या लॉस एंजेलिसच्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकवू लागल्या. एकच मजकूर एकाच वेळी हजारो संगणकांना पाठवायचा असेल तर जाळ्यातून त्याचे मार्ग कसे आखायचे, हे त्यांच्या त्या काळातल्या संशोधनाचे क्षेत्र. त्यात त्यांनी नाव कमावले. तेवढ्यावरही कारकीर्द सुखाने पार पडली असती.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी चित्र पालटू लागले. प्रोसेसर आणि रेडिओ दोन्ही लहान आणि स्वस्त होत होते. बर्कलीत क्रिस पिस्टर ‘स्मार्ट डस्ट’ची, म्हणजे धुळीच्या कणाएवढ्या सेन्सरची कल्पना मांडत होते. अमेरिकी संरक्षण खाते पैसा ओतत होते. त्याच्या डोळ्यांसमोर रणभूमी होती. १९९९ साली एस्ट्रिन यांनी रमेश गोविंदन, जॉन हायडेमन आणि सतीश कुमार यांच्यासह एक निबंध मांडला. हजारो सेन्सर एखाद्या प्रदेशात विखुरले तर त्यांनी आपापसात काम कसे वाटून घ्यायचे, हा त्याचा विषय. त्यातला विचार आज सरळ वाटतो, पण इंटरनेटवर वाढलेल्या पिढीला तो अवघड होता.

इंटरनेटवर प्रत्येक यंत्राला पत्ता असतो, आणि आपण पत्त्याला पत्र पाठवतो. जंगलात पसरलेल्या पाचशे सेन्सरांपैकी तीनशे सतराव्या यंत्रात कोणाला रस असणार? ते उद्या बंद पडेल, अस्वल त्याला लाथाडून जाईल. संशोधकाला विचारायचे असते ते असे: ओढ्याच्या या काठावर पुढचे दहा तास जमिनीचा ओलावा किती आहे? म्हणजे प्रश्नात यंत्राचा उल्लेखच नाही. मोजायची राशी आहे, जागा आहे आणि वेळ आहे. २००० साली चालर्मेक इंटानागोनविवट आणि गोविंदन यांच्यासह एस्ट्रिन यांनी ‘डायरेक्टेड डिफ्यूजन’ ही पद्धत मांडली, ती याच विचारावर. काय हवे आहे, नकाशावरच्या कोणत्या चौकटीतले आणि किती वेळाने, असे मागणे जाळ्यात सोडायचे. ते एका यंत्राकडून शेजारच्याकडे पसरत जाते. त्या चौकटीतल्या यंत्राला मागितलेले काही आढळले की त्याची नोंद ज्या वाटांनी मागणे आले त्याच वाटांनी उलटी निघते, आणि जी वाट चांगली चालते ती पक्की होते. नकाशावरची जागा इथे जाळ्याच्या व्याकरणातच येऊन बसली, असे मला वाटते, आणि त्यांच्या कामातला हा सर्वांत सुंदर भाग आहे.

पण यंत्रे एकमेकांशी बोलणार कशी, हा प्रश्न बॅटरीपाशी येऊन थांबतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतले ग्रेग पॉटी आणि विल्यम कायसर यांनी २००० साली एक हिशोब दिला होता. जमिनीलगत ठेवलेल्या रेडिओने शंभर मीटरवर एक किलोबिट माहिती पाठवायला सुमारे ३ जूल ऊर्जा लागते. तेवढ्याच ऊर्जेत त्या काळचा एखादा काटकसरी प्रोसेसर ३० कोटी सूचना पार पाडू शकतो. म्हणजे बोलण्यापेक्षा विचार करणे कितीतरी स्वस्त. शिवाय जमिनीलगत रेडिओलहरींची ताकद अंतराच्या चौथ्या घाताने घटते: अंतर दहापट झाले तर ऊर्जा दहा हजारपट लागते. मग शंभर मीटरची एक उडी मारण्याऐवजी दहा मीटरच्या दहा उड्या मारल्या तर कागदावर तरी हजारपट बचत होते. प्रत्यक्षात इतकी होत नाही, कारण रेडिओ नुसता कान देऊन बसला तरी बॅटरी खातो. म्हणून यंत्रांना बराचसा वेळ झोपवून ठेवायचे आणि ठरल्या वेळी सगळ्यांनी एकदम जागे व्हायचे, अशा रीती एस्ट्रिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केल्या.

एकदम जागे व्हायचे तर घड्याळे जुळायला हवीत. स्वस्त यंत्रातले घड्याळही स्वस्त. ते उन्हात एक चाल चालते, थंडीत दुसरी. जेरेमी एल्सन, लुइस गिरोड आणि एस्ट्रिन यांनी २००२ साली यावर काढलेला तोडगा असा: एका यंत्राने एक संदेश सर्वांना द्यायचा, पण त्यात वेळ सांगायचीच नाही. ऐकणाऱ्यांनी तो आपल्या घड्याळात किती वाजता पोचला एवढेच टिपायचे आणि ते आकडे एकमेकांना सांगायचे. देवळाची घंटा ऐकून वाडीतल्या घरांनी आपापली घड्याळे ताडून पाहावीत, तसे. पाठवणाऱ्याकडून होणारा अनिश्चित उशीर हिशोबातूनच गळून पडतो आणि जुळणी मायक्रोसेकंदांपर्यंत जाते.

२००२ साली अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या मदतीने ‘सेंटर फॉर एम्बेडेड नेटवर्क्ड सेन्सिंग’ हे केंद्र लॉस एंजेलिसला सुरू झाले. तोवर एस्ट्रिन कॅलिफोर्निया विद्यापीठात आल्या होत्या. केंद्र दहा वर्षे चालले. जेम्स रिझर्व्हमध्ये परिसरशास्त्रज्ञ मायकेल हॅमिल्टन यांच्यासोबत पक्ष्यांच्या घरट्यांच्या पेट्यांत कॅमेरे बसले. मातीत पारदर्शक नळ्या पुरून मुळे आणि बुरशीचे तंतू कसे वाढतात याची छायाचित्रे घेतली गेली. संगणकशास्त्राचे विद्यार्थी डोंगरात मुक्काम करू लागले.

आणि इथेच कागदावरच्या योजनांना धक्के बसले. सेन्सर नादुरुस्त होतो तेव्हा बहुधा गप्प होत नाही. तो चुकीचे आकडे देत राहतो. कधी एकाच आकड्यावर अडकतो, कधी मधूनच उंच उसळी मारतो, आणि बॅटरी उतरत आली की काहीच्या बाहीच सांगू लागतो. सर्वांत वाईट प्रकार म्हणजे हळूहळू खऱ्यापासून सरकत जाणे, कारण रोजचा फरक इतका थोडा असतो की नजरेत भरत नाही. मग शेजारच्या सेन्सरशी ताडून पाहावे म्हटले तर दुसरीच अडचण. दोन मीटरवरचे दोन सेन्सर वेगळे सांगत असतील तर त्यातला एक बिघडला आहे, की एकावर खरोखरच पानांच्या फटीतून उन्हाचा कवडसा पडला आहे? नेमके असे फरक शोधायलाच तर यंत्रे बसवली. बिघाड आणि शोध बाहेरून सारखेच दिसतात. यातून सुटायला मोजणीइतकेच त्या जागेचे ज्ञान लागते.

बांगलादेशात हे फार कळकळीच्या प्रश्नावर अनुभवाला आले. तिथे जंतुदोष असलेल्या तळ्यांच्या पाण्याऐवजी लोकांनी कूपनलिकांचे पाणी प्यावे म्हणून लाखो नलिका खोदल्या गेल्या आणि त्यांतल्या कित्येकींच्या पाण्यात आर्सेनिक निघाले. ते गाळातून भूजलात कसे उतरते, भातखाचरांतल्या पाण्याचा त्यात काय वाटा आहे, हे समजून घेण्यासाठी २००६च्या जानेवारीत या केंद्राच्या पथकाने एका भातखाचरात सेन्सर पुरले. पाण्यातले वेगवेगळे आयन मोजणारे हे सेन्सर नाजूक होते आणि बऱ्याच नोंदी शंकास्पद निघाल्या. परत येऊन आकडे पाहताना बिघाड कळून उपयोग नव्हता. खाचर हजारो मैलांवर राहिले होते. नित्या रामनाथन यांनी सहकाऱ्यांसह मग अशी प्रणाली बांधली की माणूस शेतात असतानाच तिने सांगावे, या सेन्सरची नोंद संशयास्पद आहे, मातीचा नमुना घेऊन तपासा, नाहीतर सेन्सर बदला.

माझ्या दृष्टीने एस्ट्रिन यांच्या कारकिर्दीतले हे निर्णायक वळण. हजारो स्वस्त यंत्रे पसरली की ती आपली आपण सांभाळून घेतील, माणूस लागणार नाही, हे १९९९चे स्वप्न त्यांनी स्वतःच्याच व्याख्यानांतून आणि लेखांतून बदलले. यंत्रे कमी असतील, वेगवेगळ्या कुवतीची असतील, माणूस त्यांच्या जोडीला असेल, आणि निसर्गाच्या मानाने मोजमापे नेहमीच अपुरी पडतील, हे त्यांनी उघड मान्य केले. आपल्या नावावर असलेली कल्पना अनुभवापुढे अशी मोकळेपणाने दुरुस्त करणारे संशोधक फार नसतात.

मोजमापे अपुरीच असतील तर ती कुठे खर्च करायची? भूगोलज्ञ वॉल्डो टोबलर यांनी १९७० साली मांडलेला नियम सर्वज्ञात आहे: सगळ्याचा सगळ्याशी संबंध असतो, पण जवळच्यांचा दूरच्यांपेक्षा अधिक. याच आधारावर दोन केंद्रांच्या मधले तापमान आपण अंदाजाने भरतो. पण ‘जवळ’ किती, हे राशीगणिक बदलते. हवेचा दाब शेकडो किलोमीटर मंदपणे बदलत जातो. जंगलाच्या तळावरचा प्रकाश वीतभर अंतरात आणि मिनिटभरात पालटतो. प्रकाशासाठी हवे तेवढे सेन्सर कोणाकडेच नसतात. म्हणून कायसर यांच्या गटाने झाडांमध्ये तार ताणली आणि तिच्यावरून सरकणारा यंत्रमानव सोडला. जिथे फरक कमी तिथून तो झपाट्याने पुढे जाई, जिथे नोंदी वेगाने बदलत तिथे थांबून दाट मोजणी करी. पुढे असे यंत्र मर्सेड आणि सॅन होआकिन नद्यांच्या संगमावर आडवे टांगले गेले आणि दोन प्रवाहांचे पाणी एकमेकांत कसे मिसळते याचे चित्र हाती आले.

मेक्सिकोत प्रमाण उलटे होते: तिथे वीतभर अंतरात नव्हे, एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत मोजायचे होते. २००५ ते २००७ या काळात प्रशांत किनाऱ्यावरच्या अकापुल्कोपासून मेक्सिको सिटीमार्गे आखाताच्या किनाऱ्याजवळ टाम्पिकोपर्यंत शंभर भूकंपमापकांची रांग लावली गेली. त्यातला निम्म्याच्या आसपासचा भाग एस्ट्रिन यांच्या केंद्राने बिनतारी जाळ्याने जोडला. एका टेकडीवरच्या अँटेनाने दुसऱ्या टेकडीकडे नोंदी द्यायच्या, दुवा तुटला तर जपून ठेवायच्या आणि जुळला की पुढे सोडायच्या. या नोंदींतून दिसले की कोकोस भूपट्ट मेक्सिकोखाली शिरल्यावर जवळजवळ आडवा सरकत जातो आणि मग एकदम खोल कोसळतो.

याच केंद्रात क्रिस्टीन बोर्गमन यांनी वर्षानुवर्षे एक वेगळा अभ्यास केला. त्यांनी डेटा हाताळणाऱ्या माणसांनाच अभ्यासले. त्यांना आढळले की एकाच प्रयोगातला तापमानाचा आकडा परिसरशास्त्रज्ञाला मौल्यवान नोंद वाटतो, तर संगणकशास्त्रज्ञाच्या लेखी तो जाळे नीट चालल्याची खूण असतो, काम झाले की टाकून देण्याजोगी. सेन्सर कोणत्या बाजूच्या सावलीत होता, शेवटचा कधी तपासला होता, हे विद्यार्थ्याच्या वहीत किंवा डोक्यात राही. तो शिकून निघून गेला की आकडे उरत, अर्थ जाई. डेटा साठवण्यासाठी कोट्यवधी खर्च करणाऱ्या प्रत्येक संस्थेने हे निष्कर्ष वाचावेत असे मला मनापासून वाटते.

दरम्यान एक जाळे कोणीही न रचता तयार झाले होते. लोकांच्या खिशात मोबाइल फोन आले होते, आणि त्यांत कॅमेरा, माइक, जीपीएस होते. २००६ सालापासून एस्ट्रिन आणि त्यांचे सहकारी ‘लोकसहभागी संवेदन’ ही कल्पना मांडू लागले. २००८च्या सुमाराला त्यांचा ‘पिअर’ हा प्रयोग सुरू झाला. त्यात फोनमध्ये प्रदूषण मोजणारे काहीच नव्हते. टिपली जात होती फक्त जागा आणि वेळ. पण तुम्ही कोणत्या रस्त्याने, किती वाजता, चालत की गाडीने गेलात हे कळले की त्या वेळची रहदारी, हवामान आणि प्रदूषणाची प्रतिमाने त्यावर बसवून, तुमच्या श्वासात किती सूक्ष्म कण गेले असतील आणि तुमच्या प्रवासाने हवेत काय सोडले, याचा अंदाज काढता येई. प्रदूषणाचा आकडा शहराच्या सरासरीतून सुटून एका माणसाच्या एका दिवसाला येऊन चिकटला.

मात्र तोच माग तुमचे घर, कचेरी, दवाखाना, प्रार्थनास्थळ सगळे सांगून टाकतो. एमआयटीतला जुना प्रश्न, कोणाला कुठवर प्रवेश, इथे परत उभा राहिला. आता दाराशी संस्थेऐवजी एकेकटी व्यक्ती होती. एस्ट्रिन यांच्या गटाने त्यासाठी वैयक्तिक डेटाच्या तिजोरीची रचना सुचवली: माग त्या व्यक्तीच्या ताब्यातल्या साठ्यात राहावा, कोणत्या सेवेला त्यातले काय द्यायचे हे तिने ठरवावे, आणि कोणी काय पाहिले याची नोंद तिला दिसावी. आज आपल्या हातातल्या बहुतेक फोनांचा व्यवहार याच्या अगदी उलट चालतो, आणि ते आपण फार सहज स्वीकारले, याचे मला दुःख आहे.

२०१२ साली त्या न्यूयॉर्कच्या कॉर्नेल टेकमध्ये गेल्या. त्याच वर्षी वडील गेले, वयाच्या नव्वदीत. शेवटच्या महिन्यांत त्यांचे चालणे, ईमेल, बाजारहाट यांची लय बदलत गेली होती, आणि त्या खुणा कुठल्याही तपासणीत दिसणाऱ्या नव्हत्या, असे एस्ट्रिन यांनी नंतर व्याख्यानात सांगितले. प्रत्येकाच्या रोजच्या व्यवहारांचा माग त्याच्या स्वतःच्या आरोग्यासाठी वापरता यावा, या कामाला त्यांनी ‘स्मॉल डेटा’ म्हटले. इथे तुलना शेजारच्या सेन्सरशी नसते. आजच्या माणसाची तुलना त्याच्याच कालच्या दिवसाशी असते. २०१८ साली त्यांना मॅकार्थर फेलोशिप मिळाली.

भातखाचरातून शिकून आलेल्या नित्या रामनाथन यांनी मार्टिन लुकाच यांच्यासह २००९ साली ‘नेक्सलीफ अ‍ॅनॅलिटिक्स’ ही संस्था काढली. उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत चुलीच्या धुरातली काजळी मोजण्यासाठी त्यांनी वापरलेली पद्धत अशी: लहान पंपाने हवा एका पांढऱ्या गाळणकागदातून ओढायची, कागद काळा पडला की शेजारी करड्या छटांचा तक्ता ठेवून साध्या मोबाइलने फोटो काढायचा आणि पाठवून द्यायचा. दूरच्या संगणकाने छटा जुळवून काजळी किती ते काढायचे. कागदावरच्या त्या डागाला घर आणि तारीख जोडलेली असे, त्यामुळे कोणत्या स्वयंपाकघरात कोणत्या दिवशी किती धूर झाला हे सांगता येई, आणि शंका आली तर कागद परत तपासायला हाताशी असे.